टेबलाची मोकळी बाजू

१

माझी बायको डोरीन गेली त्या आठवड्यात आमच्याकडे इतकं जेवण आलं की फ्रिजचं दार लावताना गुडघ्यानं रेटावं लागे. आमच्या रस्त्यावर कुणी गेलं की बायका एकच पदार्थ करतात. नूडल्स, डब्यातला टूना मासा, मश्रूमचं घट्ट सूप, वर चुरलेले बटाट्याचे वेफर्स, आणि ते सगळं पसरट काचेच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजलेलं. भांड्याच्या तळाला कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर शाईनं आडनाव. काही दिवसांनी भांडं धुऊन ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. दारात उभं राहून थोडं बोलायचं. निघताना ते म्हणतात, "केव्हाही या, दार उघडंच आहे," आणि आपण म्हणतो, "तुम्हीही या." मग दार लागतं, आतून कडी सरकल्याचा आवाज येतो, आणि दोन्हीकडच्या माणसांना सुटल्यासारखं वाटतं.

भांडी परत करायचं काम मी उन्हाळ्यापर्यंत पुरवलं. मी शाळेत इतिहास शिकवायचो. जूनमध्ये सुट्टी लागली, आणि दिवसभर घरात मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी लिनेट, आमची लिन, एवढेच उरलो.

दुपारी चारला टीव्हीवर एक जुनी कृष्णधवल मालिका पुन्हा दाखवत. टिल्बरी नावाचं कुटुंब. पांढरं कुंपण, रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेपलची झाडं, कुणाच्याच दाराला कुलूप नाही. शेजारी न विचारता बाजूच्या दारानं आत येत, आणि टिल्बरीबाई गळ्यात मोत्यांची माळ घालून सफरचंद भरलेला गोड 'ॲपल पाय' भाजायची. डोरीन आणि लिन ती मालिका रोज बघत, आणि बघताना तिची यथेच्छ टिंगल करत.

"यांच्या घरात संडासच नाही," डोरीन म्हणायची. "वीस वर्षं धरून बसलेत बिचारे. म्हणून तर एवढे ताठ चालतात."

लिन हसत हसत सोफ्यावरून खाली घसरायची. मालिकेत विनोद झाला की न दिसणारी माणसं हसत, तेव्हा या दोघी गप्प. ती माणसं गप्प झाली की या दोघी हसत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेपर तपासत बसलेला असायचो. ते आळीपाळीनं येणारं हसणं मला पाठीमागून ऐकू यायचं.

आता लिन एकटी बघत होती. हसत नव्हती. तरी बंद कर म्हणावंसं मला वाटलं नाही. आईबरोबर करायची तिची ती एकच गोष्ट उरली होती.

२

जूनच्या अखेरीला लिन आपण होऊन जेवणाचं टेबल मांडायला लागली. मला बरं वाटलं.

आमचं टेबल लांबट, स्वयंपाकघराच्या मधोमध. त्याच्या एका लांब बाजूला स्टोव्ह आणि ओटा. दुसऱ्या लांब बाजूला रुंद कमान, आणि कमानीपलीकडे पुढची खोली. डोरीन गेल्यापासून त्या खोलीचे पडदे कुणी उघडले नव्हते, त्यामुळे तिथे टीव्हीचा उजेड सोडला तर भरदुपारीही अंधार असे. कमानीकडे पाठ करून बसायची जागा माझी. हे घर घेतलं तेव्हापासून.

त्या संध्याकाळी माझी खुर्ची तिथे नव्हती. लिननं ती टेबलाच्या एका टोकाला नेली होती. तिची स्वतःची दुसऱ्या टोकाला. डोरीनची स्टोव्हच्या बाजूला, नेहमीच्याच ठिकाणी, आणि तिच्यासमोर बशी, काटा, घडी घातलेला रुमाल.

ती बशी पाहून मी काही क्षण हात धुण्याचं निमित्त करून सिंककडे तोंड करून उभा राहिलो. मग येऊन बसलो आणि जेवलो. मला वाटलं, खरी गोष्ट ती बशी आहे. मुलं असं करतात, समुपदेशक बाईंनी मला सांगितलं होतं. करू द्या म्हणाल्या होत्या.

माझ्या लक्षात यायला काही दिवस गेले. लिन जेवताना वाकडी बसायची. खांदे किंचित कमानीकडे वळलेले, चेहरा उजेडात. माझ्याशी बोलतानाही पूर्ण माझ्याकडे वळायची नाही. मीठ हवं असेल तर उठून, स्टोव्हच्या बाजूनं लांबचा फेरा घालून माझ्यापर्यंत यायची. टेबल आणि कमान यांच्यामधून कधीच नाही.

मग एकदा चार वाजता मी तिच्याशेजारी सोफ्यावर जाऊन बसलो. टिल्बरी मंडळी जेवत होती. वडील एका टोकाला, आई स्टोव्हच्या बाजूला, मुलं दाटीवाटीनं. टेबलाची चौथी बाजू मोकळी. अर्थात मोकळी. तिथे कॅमेरा असतो. तिथे कुणी बसलं तर त्याची पाठच दिसेल.

मला मोठ्यानं हुश्श करावंसं वाटलं. पोरगी नक्कल करत होती, एवढंच. रात्रीच्या जेवणाला मी तिला शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "काय गं, माझ्या जुन्या जागेवर हल्ली कोण बसतं?"

"तिथे कुणी बसत नाही, डॅडी," लिन म्हणाली. तिनं पावाला नीट, कडेपर्यंत लोणी लावलं. "तिथून बघतात."

३

कपडे धुण्याचं मशीन तळघरात होतं. डोरीन असताना मी त्याला हात लावला नव्हता, आणि आता माझं त्याच्याशी रोज भांडण चाले. त्या दुपारी मशीननं फेस ओकला होता आणि मी कोपरापर्यंत ओला होऊन फरशी पुसत होतो. वर जाळीचं दार करकरलं. बाजूचं दार. त्या दारानं आमच्याकडे कुणी येत नाही. आमच्या रस्त्यावर कुणीच कुणाकडे त्या दारानं जात नाही. पुढच्या पायरीवर उभं राहून घंटा वाजवतात.

डोक्यावर स्वयंपाकघराच्या लिनोलियमच्या फरशीवर टाचा वाजल्या. बाईचा आवाज, मंद, आनंदी, शब्द कळत नव्हते. लिननं काही उत्तर दिलं. टेबलावर काहीतरी जड ठेवलं गेलं आणि जिन्यावरून भाजलेल्या वेफर्सचा वास खाली आला.

कुणीतरी अजून जेवण घेऊन आलं आहे, एवढंच माझ्या मनात आलं. इतक्या महिन्यांनी. चांगली माणसं. या अवतारात वर जायला मला लाज वाटली. मी जिन्याच्या तळाशी जाऊन ओरडलो, "फार आभारी आहे हं. केव्हाही या. दार उघडंच आहे."

टाचा थांबल्या.

मग हसणं आलं. एका माणसाचं नाही. पुष्कळ लोकांचं एकदम, प्रेमळ, भरलेलं, थोडं लांबलेलं, आणि शेवटी एखाददुसऱ्या माणसाचं मागे राहिलेलं. मी ओल्या फडक्यासकट तसाच उभा राहिलो. मी काही विनोद केला नव्हता.

टीव्ही, मी स्वतःला म्हणालो, आणि वर गेलो. स्वयंपाकघरात लिन एकटीच होती. टेबलावर पसरट भांडं, वाफा येत होत्या. पुढच्या खोलीत टीव्ही बंद होता. आमचा टीव्ही जुना, नळीचा. बंद केला तरी बराच वेळ वरून गरम राहायचा. मी त्याच्यावर तळवा ठेवला. थंड होता.

"कोण आलं होतं?"

"शेजारच्या."

"शेजारच्या कोण?"

"शेजारच्या, डॅडी," लिन म्हणाली. मी आपल्याच बायकोचं नाव विचारल्यासारखी ती माझ्याकडे बघत होती.

४

बर्निस पिलार्स्की आमच्या समोरच्या घरात राहायची. साठीची, नवरा स्टॅनली काचेच्या कारखान्यातून निवृत्त, आणि तोंडानं तिखट. दोन दिवसांनी ती पुढच्या दाराची घंटा वाजवून माझ्यासमोर उभी राहिली.

"वेंडेल, माझं भांडं. फेब्रुवारीत दिलं होतं. मला वाटलं तू त्यात आता रोपं लावलीस."

"बर्निस, आणणारच होतो."

"हो हो, आणि मी पोप होणार होते. चल, आत घे, उन्हात माझी जेली होतेय."

ती पुढच्या खोलीत आली आणि कमानीसमोर थबकली. तिथून स्वयंपाकघर चौकटीत बसवल्यासारखं दिसे. उजेड सगळा तिकडे, आपण अंधारात. लिन आत रुमालांच्या घड्या घालत होती. केस नीट विंचरून रिबिन बांधलेली. रिबिन कुठून आली मला माहीत नव्हतं.

"अगंबाई," बर्निस म्हणाली. "हे काय, नाटक बसवताय का? तिकीट किती?"

"नमस्कार, पिलार्स्कीबाई," लिन म्हणाली. "आज तुम्ही फार छान दिसताय. तिकीट काढायची गरज नाही, डॅडी रोज फुकटच काम करतात."

आणि थांबली. चेहऱ्यावर हसू धरून, डोळे आमच्या दोघांच्या मधून मागे कुठेतरी लावून, ती थांबली. मग हळूच पुन्हा घडी घालायला लागली.

बर्निसनं मागे वळून पाहिलं. मागे ओढलेले पडदे आणि सोफा. "ही कुणाकडे बघून बोलली रे?"

मी तिचं भांडं शोधून दिलं. तिनं ते उलटं करून चिकटपट्टी तपासली, आणि मग तिची नजर ओट्यावरच्या दुसऱ्या भांड्यावर गेली. तेही उलटं केलं. तळ स्वच्छ होता.

"हे कुणाचं? नाव नाही याला."

"शेजारचं कुणीतरी आणलं. तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारणार होतो."

"नाव न घालता भांडं? या रस्त्यावर?" बर्निसनं तळावरून अंगठा फिरवला. "गेल्या वर्षी त्या कोपऱ्यावरच्या बाईनं माझं झाकण ठेवून घेतलं, मी अजून तिच्याशी बोलत नाही. इथे कुणी नाव घातल्याशिवाय काडीसुद्धा देत नाही. ज्याला परत नको असेल तोच असं देईल."

मी तिला तळघरातली गोष्ट सांगितली. हसण्याची नाही. फक्त मी ओरडून आभार मानले आणि केव्हाही या म्हणालो, ती.

"सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मी तुला डोरीनच्या वेळी म्हणाले होते, केव्हाही ये. तू आला नाहीस, देवाचे आभार. केसांना रोलर लावून, स्टॅनलीच्या चड्डीत बसलेली असते मी. कुणी खरंच आलं तर पोलिसांना बोलावीन." दारापर्यंत जाऊन ती वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "ती रडते का रे?"

"आधी रडायची."

"मग तिला रडव," बर्निस म्हणाली. "कसंही करून. एवढी गुणी पोर मला आवडत नाही."

तिनं स्वतः पुढचं दार ओढून घेतलं. समोर जाऊन तिनं आपल्या दाराला कडी लावली, ती मला रस्त्यापलीकडून ऐकू आली.

५

त्यानंतर मी ते थांबणं मोजल्यासारखं ऐकायला लागलो. लिन काही बोलायची आणि थांबायची. मी चुकून कॉफी सांडली, ती म्हणाली, "डॅडींना फरशीलाही जागं ठेवायचंय," आणि थांबली. माझ्या शर्टाला बटण नव्हतं, तेव्हा काही बोलली, आणि थांबली. वाक्यं तिची नव्हती. ती अशी बोलत नसे. ती आईसारखी बोलायची, तिरकं, दातांतल्या दातांत, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच फिस्सकन हसायची.

हसणं मात्र मला परत ऐकू आलं नाही. त्यानं मला धीर यायला हवा होता. पण प्रत्येक वेळी ती बोलायला लागायची तेव्हा ते थांबणं थोडं लांबत होतं. जणू जागा करून ठेवली जात होती.

मी तिच्या आईचा विषय काढून पाहिला. बर्निसचं म्हणणं माझ्या डोक्यात होतं. "आईच्या कपड्यांचं काय करायचं, लिन? तुला काही ठेवायचंय का?"

"आईला लागतील ना," लिन म्हणाली.

"लिन. आई फेब्रुवारीत गेली."

तिनं कमानीकडे पाहिलं, चटकन, चारचौघांत बाप काही भलतं बोलल्यावर पोरीनं पाहावं तसं. "असं इथे कुणी बोलत नाही, डॅडी," ती कुजबुजली. "त्यांच्यात कुणी असं जात नाही. त्यांच्यात माणसं फक्त दुसऱ्या खोलीत असतात."

त्याच संध्याकाळी मी टीव्हीची वायर उपटली आणि तो उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. वर चादर टाकली. परत आलो तेव्हा लिन टेबल मांडत होती. तिला राग आला नव्हता. तिच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी थोडी माया होती, आणि तीच मला सहन झाली नाही.

"तो नेला तरी काही नाही," ती म्हणाली. "आपण त्यांना बघायचो, ते आधी. आता ते बघतात."

मग रुमाल सरळ करत, उद्याच्या गृहपाठाबद्दल सांगावं तशा सुरात तिनं सांगितलं. शेजारच्या बाईंनी तिला जेवायला बोलावलं होतं. रविवारी. त्या स्वतः येऊन घेऊन जाणार होत्या. तिथे तिच्यासाठी खोली आहे, जिन्याच्या वर. जिन्याच्या वर काय आहे ते दाखवत नाहीत, पण तिथून सगळे खाली येतात तेव्हा बरे होऊन येतात.

"लिन, लोक म्हणतात तसं. केव्हाही ये, जेवायला ये. म्हणायची पद्धत असते. त्यांच्या मनात नसतं."

"आपल्या लोकांच्या मनात नसतं," लिन म्हणाली. "तुम्ही त्यांना म्हणालात, तेव्हा त्यांनी खरंच धरलं. त्या आल्याच ना."

माझी मुलगी मला 'तू' म्हणायची. ते कधी सुटलं, मला सांगता येणार नाही.

६

मी रविवारी तिला घेऊन कुठे निघून का गेलो नाही, असं मला कुणी विचारू शकेल. शनिवारी गाडी बाहेर काढली होती. लिन मागच्या सीटवर बसली, हात मांडीवर, काचेबाहेर बघत. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि मागच्या सीटवर ती कुणाच्या तरी बोलण्याला मान डोलावताना मला आरशात दिसली. गाडीत टेबल नव्हतं, कमान नव्हती. मी गाडी वळवली. जे व्हायचं ते निदान मला माहीत असलेल्या खोलीत व्हावं.

रविवारी संध्याकाळी ऊन अजून वर होतं. स्वयंपाकघर पिवळं झालं होतं. लिननं इस्त्रीचा फ्रॉक घातला होता. ओट्यावरचं ते बिननावाचं भांडं टेबलाच्या मध्यावर होतं, भरलेलं, वाफाळतं. मी ते भरलं नव्हतं. ओव्हन थंड होता.

मी टोकाची माझी खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला, आणि कमानीकडे पाठ करून माझ्या जुन्या जागी ठेवली. आणि बसलो.

लिनचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही मध्ये आलात."

"हो."

"डॅडी, उठा. त्यांना दिसत नाही."

माझ्या पाठीमागे काहीतरी हललं. ते मी आजही नेमकं सांगू शकत नाही. भरलेल्या सभागृहात पुढच्या रांगेत उंच माणूस येऊन बसला की मागचे जसे इकडेतिकडे कलतात, तशी एक सळसळ. कापडाची, खुर्च्यांची. माझ्या मानेवर उबदार हवा आली. समोर ओट्यावर टोस्टर होता. त्याच्या चकचकीत पत्र्यात पिवळा उजेड होता, माझं डोकं होतं. मी त्यात बघायचं टाळलं. लिनकडे बघत राहिलो.

"तुझी आई शेवटी काही खाऊ शकत नव्हती," मी म्हणालो. माझा आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला. "पाणीही उलटून पडायचं. उलटीसाठी निळं घमेलं होतं, ते तू धुवायचीस. आठवतं?"

लिननं समोरची बशी किंचित दूर सरकवली.

"पाद्री आले तेव्हा तिनं त्यांना शिवी दिली. मला चमचा फेकून मारला. इथे लागला. तिला भीती वाटत होती, लिन. ती शूर नव्हती. एप्रिलमधला तुझा वाढदिवस बघायचा होता तिला, आणि तेवढं जमलं नाही."

पाठीमागे कुणीतरी खोकलं. थोड्या अंतरावर एक खुर्ची कुरकुरली, जसं कुणी कंटाळून उठतं. मी बोलत राहिलो. चादरींबद्दल बोललो, वासाबद्दल, दवाखान्यातल्या पिवळ्या भिंतीबद्दल, ती ज्या गोष्टींवरून रडली त्या क्षुल्लक गोष्टींबद्दल. सुंदर काही सांगितलं नाही. मागची सळसळ विरळ होत गेली. खुर्च्या एकामागून एक.

मग बाजूला जाळीचं दार करकरलं. लिनोलियमवर टाचा वाजल्या, दोन पावलं, आणि दारातच थांबल्या.

"लिनेट?" आवाज मंद, आनंदी. मी डोळे लिनवरून हलवले नाहीत. कडेला, दाराच्या उजेडात, गळ्याशी पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ होती. तिच्या वर काय होतं ते मी पाहिलं नाही.

लिनचे डोळे तिकडे गेले. पाय खुर्चीवरून खाली आले. मला वाटलं, संपलं.

"तिच्या तोंडाला वास यायचा," लिन म्हणाली. तिकडे बघत नव्हती आता, माझ्याकडे बघत होती. "शेवटी शेवटी. तिनं पापा घ्यायला जवळ ओढलं आणि मी तोंड फिरवलं. तिला कळलं, डॅडी. तिला कळलं होतं." आणि तिचा चेहरा मोडला. नाकातून पाणी, आवाज फाटलेला, कुरूप, खरं रडणं. "तू बघितलंस ना. तू तिथेच होतास."

"होतो," मी म्हणालो. "तिनंही बघितलं. मला म्हणाली, पोरीला अक्कल आहे, मीही फिरवलं असतं."

टाचा मागे सरल्या. जाळीचं दार लागलं. बाहेर सकाळपासून पहिल्यांदाच मला झाडावरचे किडे ऐकू आले.

मी उठून लिनच्या बाजूला जाऊन खाली बसलो आणि ती माझ्या खांद्यावर बराच वेळ रडली. मग हळूहळू थांबली. फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं. तिची नजर टेबलावरच्या त्या भांड्यावर गेली. वाफ गेली होती, वरचे वेफर्स ओलसर, राखाडी झाले होते.

"आई म्हणाली असती," ती म्हणाली, तिरकं, दातांतल्या दातांत, "हे खातात म्हणूनच त्यांना संडास लागत नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत ती फिस्सकन हसली. मीही हसलो. पाच महिन्यांनी पहिल्यांदा, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आणि कमानीतून ते हसले.

सगळे. कुणी गेलंच नव्हतं. इतका वेळ हसण्यासारखं काही नव्हतं म्हणून ते फक्त गप्प बसले होते. समोर टोस्टरच्या पत्र्यात माझ्या खांद्याच्या मागे अंधारात ओळीनं काहीतरी फिकट, वाटोळं, एकामागे एक, पार मागच्या भिंतीच्याही मागेपर्यंत, आणि ते सगळं एकदम हलत होतं. पहिल्या रांगेत मोत्यांचा गळा होता. तेवढा एकच स्थिर होता. वाट बघत होता.

लिननं माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तिच्या तोंडावर ठेवला. हसणं लांबलं, विरलं, एखाददुसरं मागे राहिलं, आणि थांबलं.

७

ते घर आम्ही त्याच उन्हाळ्यात विकलं. भांडं गॅरेजमध्ये टीव्हीशेजारी ठेवून आलो. नव्या घरात टेबलाची एक बाजू भिंतीला टेकवून ठेवली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक घरात.

लिन आता डेटनला असते. परिचारिका आहे. तिचं काम असं आहे की जिथे माणसं मरतात तिथे ती शेजारी बसलेली असते, आणि ती चांगली बसते असं लोक सांगतात. तिचंही टेबल भिंतीला टेकलेलं आहे. दर रविवारी ती फोन करते. आम्ही आजारांबद्दल बोलतो, बिघडलेल्या गाडीबद्दल, बर्निस गेली तेव्हा तिच्याबद्दल पुष्कळ बोललो. आम्ही रडतो कधी कधी. रडताना आम्हाला कुणी त्रास देत नाही.

गेल्या रविवारी ती मला तिच्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती. त्यानं कवळी काढून चुकून शेजारच्याच्या सूपच्या वाटीत ठेवली होती. तिनं अर्ध्यावर आणून वाक्य सोडलं. डोरीनच्या आवाजात सोडलं. माझ्या छातीत काहीतरी वर यायला लागलं आणि मी ओठ दाबून धरले. तारेच्या दुसऱ्या टोकाला तिनंही धरले असणार, तिचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

आम्ही दोघंही तसेच थांबलो.

माझ्यामागे खोलीत तेही थांबले होते.